घासलेटात भिजवलेला रोबो

माझ्या वयाच्या बायका घरी कोणी आलं की साड्यांचं कपाट उघडतात. मी पत्र्याची पेटी उघडते. आत रोबो आहेत, फिरणारे. म्हणजे गाडीच्या पोटातून दोन पाय बाहेर ओढले, टप मागे लोटला, डोकं वर काढलं की गाडीचा माणूस होतो, आणि सगळं उलट केलं की माणसाची परत गाडी. या करामतीला आमच्या घरात 'फिरवणं' म्हणतात; शब्द बाबांचा. पाहुण्यांना आधी वाटतं, भाच्याचे असतील. मला ना भाऊ ना बहीण, भाचा कुठून यावा? मग "तुमचे?" असं विचारताना त्यांचा जो चेहरा होतो, त्याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो. पुरुषाने जुने रेडिओ जमवले तर तो छंद. चाळिशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या बाईने रोबो ठेवले की शेजारीण आवाज खाली घेऊन बोलायला लागते.

छंदबिंद काही नव्हता. मला खेळायला कोणी नव्हतं, एवढंच. घाटंजीच्या वेशीबाहेर एका जिनिंगच्या आवारात आमची खोली होती. बाबा तिथे फिटर. आवाराला उंच भिंत, भिंतीला लोखंडी फाटक. दिवाळीनंतर फाटक उघडायचं आणि होळीच्या पुढेपर्यंत उघडंच राहायचं. कापसाच्या गाड्या, मजुरी करणाऱ्या बायका, त्यांची लेकरं, चहावाला, सगळ्यांची नुसती वर्दळ. मशीनच्या एका अंगाने पांढरी रुई पडायची, दुसऱ्या अंगाने सरकी. मग एक दिवस सीझन संपायचा. मशीनी थांबायच्या, बायका लेकरांना कडेवर घेऊन आपापल्या गावी जायच्या, आणि आत उरायचो आम्ही तिघं आणि एक चौकीदार. शाळेतल्या मुली फाटकाच्या आत यायच्या नाहीत. रुईला कधीही आग लागते, असं त्यांच्या घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे वर्षातले चार-पाच महिने माझ्याभोवती जत्रा असायची आणि उरलेले सात महिने कोणीही नसायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला गर्दी आवडते की एकटेपण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबाही फारसे बोलायचे नाहीत. जिनिंगात मशीन चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. बाबांना ती सवय घरातही होती. पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे, झोपायला जा म्हणायचं असेल तर तळहात गालाला. आई चिडायची, "तोंड दिलं हाये ना देवानं, मंग बोला ना." मग स्वतःच जीभ चावायची, कारण आमच्या घरात देव नव्हता. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले सगळे देव नदीत सोडले होते, आणि बाबा त्या बाबतीत आजोबांपेक्षा कडक होते. विहारात दर रविवारी जायचे. खोलीत दोन तसबिरी होत्या, त्यांच्यापुढे मेणबत्ती लागायची. हळद-कुंकू, नारळ, नवस यांतलं काही उंबऱ्याच्या आत येत नसे.

पहिला रोबो मी सहा वर्षांची असताना आला. ते खरं तर घड्याळ होतं. यवतमाळच्या स्टँडवर एक माणूस टोपलीत घेऊन विकायचा. मनगटावर बांधायचं काळं प्लास्टिकचं घड्याळ. त्याची तबकडी उचलून दोन बाजू उलगडल्या की बोटभर उंचीचा माणूस तयार व्हायचा, पोटात वेळ दाखवणारा. वेळ त्याने जेमतेम महिनाभर दाखवली. माणूस मात्र तो बरीच वर्षं राहिला. त्यानंतर घाटंजीच्या बाजारातून आलेला पिवळा ट्रक. त्याचा उजवा हात खांद्यातून सारखा निखळायचा. बाबांनी शिलाई मशीनचा एक बारीक स्क्रू त्याच्या खांद्यात बसवला आणि तो हात इतका पक्का झाला की पुढे बाकीचा ट्रक मोडला, हात तेवढा शाबूत राहिला. मी तो हात अजून ठेवला आहे.

आता मुद्द्याचं. बाबांना रोबो आवडायचे. माझ्यासाठी म्हणून आणायचे, पण पहिल्यांदा फिरवायचे तेच. खोक्यात कागद यायचा, त्यावर चित्रं असायची, कुठला भाग आधी आणि कुठला नंतर. बाबा तो कागद बघायचेसुद्धा नाहीत. "कागद पाहून फिटिंग करणारा फिटर कायचा?" मग आम्ही दोघं खाली चटईवर बसायचो. ते एक सांधा हलवायचे, थांबायचे, माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी पुढचा सांधा सांगायची. चुकलं की डोक्यावर टपली. तेवढा वेळ बाबा संपूर्ण माझे असायचे. आईला वाटायचं हे खेळणं आहे. मला विचाराल तर त्या चटईवरच्या अर्ध्या तासाची मी वर्षभर वाट बघायची, आणि तो तेवढी वाट बघण्यासारखाच होता.

तिसरा आला तो गेंडा. बाबा दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. तिथून येताना पुस्तकं आणायचे, आणि त्या वर्षी पुस्तकांबरोबर हा. राखाडी रंगाचा, चांगला वीतभर लांब. उभा केला की छातीवर गेंड्याचं डोकं असलेला रोबो, चार पायांवर आणला की गेंडा. मान खाली वळवताना 'कट्' असा आवाज यायचा. सगळ्या रोबोंमध्ये तो माझा सर्वांत लाडका होता, कारण त्याला चाकं नव्हती. गाडी कशी, सोडली की पळून जाते. हा ठेवला तिथे राहायचा.

त्याच वर्षी जिनिंगचं फाटक दिवाळीनंतर उघडलंच नाही. कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली होती. मोठ्यांच्या बोलण्यातून जे कानावर पडायचं त्याचा मला एवढाच अर्थ लागला की कापूस आहे, पण भाव नाही, आणि जो आहे तो आमच्या फाटकात येत नाही. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव यायला लागलं. आधी आई पेपर वाचून दाखवायची, मग तिने ते बंद केलं. मालकाने बाबांना सांगितलं, खोली सोडू नका, मशीनींवर लक्ष ठेवा. सीझन नसलेले सात महिने मी कसेबसे काढायची. आता बारा झाले. बायका आल्या नाहीत, लेकरं आली नाहीत. मी रोज शाळेतून येऊन बंद मशीनींच्या मधल्या बोळात रोबो मांडायची आणि त्यांच्याशी दोन्ही बाजूंनी बोलायची. स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं. चौकीदाराने एकदा हे ऐकलं आणि आईला जाऊन सांगितलं, पोरीला काही झालंय का बघा.

पुढच्या श्रावणात मी बाबांकडे लाकडी बैल मागितला.

पोळा सगळीकडे असतो, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आमच्या वऱ्हाडातला. त्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल घेऊन येतात. चाकांवरचे, झूल घातलेले, शिंगांना बेगड लावलेले. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सगळ्यांची रांग लागते, मोठी माणसं येऊन बैल बघतात, बक्षिसं देतात. मग पोरं बैल ओढत दारोदार जातात आणि प्रत्येक घरातून बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ नाहीतर चार सुटे पैसे. आमच्या फाटकासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे वस्ती. ती रांग मी तीन वर्षं फाटकाच्या गजांतून पाहिली होती. बोजाऱ्याची हाव नव्हती मला. मला त्या रांगेत कोणाच्या तरी बाजूला उभं राहायचं होतं.

"आपल्या घरात नंदी येनार नाई," बाबा म्हणाले.

"सारे नेतात," मी म्हटलं.

"नेऊ दे. त्यायचा तो देव हाये, त्यायनं न्यावं. आपला नाई."

ते रागावून बोलले नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं. रागावलेल्या माणसावर निदान उलटं रागावता तरी येतं. मी दोन दिवस जेवले ते मान खाली घालून. तिसऱ्या दिवशी बाबांनी हाताने खूण केली: गेंडा आण.

त्यांनी तो हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला. मग कानस घेतली आणि त्याच्या नाकावरचं शिंग घासून टाकलं. मी किंचाळले. त्यांनी तळहात दाखवला, थांब. पितळी सळीचे दोन तुकडे तापवून वाकवले आणि डोक्याच्या दोन अंगांना भोकं पाडून बसवले. एका फळीखाली जुन्या मशीनीतली चार बेअरिंगं लावून तिच्यावर त्याला उभा केला. आईने तिच्या जुन्या हिरव्या पोलक्याची झूल शिवली. गेंडा होता तो बैल झाला, आणि काय बैल झाला! मी त्याच्याभोवती नाचले.

"हा नंदी नोहे," बाबा मला समोर बसवून म्हणाले. ते इतकं सलग क्वचितच बोलायचे. "हे मशीन हाये. रोबो हाये. कोनी पुसलं तं काय करशीन?"

"फिरवून दाखवीन."

"दाखव."

मी दाखवलं. मान थोडी अडली. पितळेच्या शिंगांचं वजन तिच्यावर आलं होतं. बाबांनी दोनदा फिरवून पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. उद्या चारचौघांसमोर मान अडायला नको.

आता फिटर माणसाचा सांधा अडला की तो काय करतो? घासलेटात टाकतो. गंजलेला नट, अडलेलं कुलूप, सायकलची चेन, आईची कात्री, बाबांनी आयुष्यभर सगळं रात्रभर घासलेटात टाकलं आणि सकाळी लोण्यासारखं चालणारं काढलं. त्यांनी एका वाडग्यात घासलेट ओतलं आणि बैलाला पुढच्या पायांपर्यंत उलटा बुडवून ठेवला. लोखंडाशी तीस वर्षं खेळलेल्या माणसाला प्लास्टिकचं काय ते माहीत नव्हतं. घरात प्लास्टिक म्हणजे एक बादली आणि माझे रोबो.

सकाळी घाई झाली. बाबांनी त्याला फडक्याने पुसला, फळीवर बसवला, झूल घातली. फिरवून पाहायला कोणाला सवड झाली नाही. मान थोडी पांढरट दिसत होती, ती मी झुलीखाली झाकली. त्याला घासलेटाचा वास येत होता. तो माझ्या हातालाही येत होता, बाबांच्याही.

बाबा फाटकापासून रांगेपर्यंत माझ्याबरोबर आले. त्यांनी यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. ते रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली उभे राहिले. मी रांगेच्या शेवटी जाऊन थांबले. बाजूच्या मुलाने माझ्या बैलाकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "तुह्या बैलाले बेअरिंग हाये?" मी हो म्हटलं. त्याने ते पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. पाच मिनिटांत अर्धी रांग माझ्याभोवती वाकून चाकं बघत होती. मला इतका आनंद झाला होता की बोलताना माझी जीभ अडखळत होती.

मग वस्तीतल्या एक काकू ताट घेऊन आल्या. निरांजन, हळद, कुंकू, तांदूळ. एकेका बैलाला ओवाळत, कपाळावर बोट टेकवत त्या माझ्यापर्यंत पोहोचल्या. मी बैलाच्या डोक्यावर हात धरला.

"याले कुंकू नोका लावू, काकू. हा बैल नोहे. रोबो हाये."

"रोबो?" काकू हसल्या. मायेनेच हसल्या. "मंग दाखव बरं करून."

सगळे थांबले. मी झूल काढली, फळीवरून त्याला उचललं आणि मान धरली. हलली नाही. जोर लावला. हलली नाही. मान, खांदे, पुढचे पाय, सगळं एकमेकांत विरघळून चिकटून बसलं होतं, जणू ते कधी वेगळे नव्हतेच. आणखी जोर लावला तेव्हा मानेवर एक बारीक तडा गेला. कोणीतरी खिदळलं. "बैलच हाये, बैलच हाये," पोरं ओरडायला लागली.

मी बाभळीकडे पाहिलं. बाबा बघत होते. त्यांनी कसलीही खूण केली नाही, ना हाताने, ना भुवयांनी.

त्या क्षणी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. बैल उचलून फाटकाकडे पळता आलं असतं. किंवा जे मी केलं ते. मी त्याला परत फळीवर ठेवला आणि हात बाजूला घेतला. काकूंनी त्याच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "गुणाचा हो तुहा बैल," म्हणाल्या. रांग पुढे सरकली. मी तिच्याबरोबर सरकले. पुन्हा बाभळीकडे पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतरची दुपार माझ्या लहानपणातली सर्वांत सुखाची दुपार होती. हे लिहायला मला अजून लाज वाटते. मी पंधरा-वीस पोरांबरोबर दारोदार हिंडले. प्रत्येकाला माझा बैल ओढायचा होता, कारण बाकीच्यांचे खडखडत होते आणि माझा सळसळत होता. खिसाभर चुरमुरे आणि बत्तासे मिळाले. एका मुलीने माझा हात धरला तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

फाटकाजवळ आल्यावर मी फ्रॉकच्या टोकाने बैलाचं कपाळ पुसलं. कुंकू फ्रॉकला लागलं. आत बाबा नळावर हात धूत होते, सोडा लावून लावून. त्यांनी वर पाहिलं. माझ्या फ्रॉककडे पाहिलं, असं मला वाटलं. मग माझ्या हातातून बैल घेतला, मानेला अंगठा लावला, सोडला.

"अटकला," म्हणाले.

एवढंच. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही एक शब्द नाही. आठ दिवसांनी ते गुजरातला निघून गेले. तिकडच्या एका जिनिंगात फिटर हवा होता, ते बोलणं आधीपासून चाललेलं होतं, हे मला आईने नंतर सांगितलं. पण दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हिशोब सरळ होता. मी बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचा शब्द मोडला, आजोबांनी नदीत सोडलेलं कुंकू परत घराच्या उंबऱ्यापर्यंत आणलं, म्हणून बाबा गेले.

पुढची अकरा वर्षं ते तिकडेच होते. पावसाळ्यात मशीनींची दुरुस्ती निघायची, म्हणून ते यायचे मे महिन्यात, पंधरा दिवस. पोळ्याला कधीही नाहीत. मी त्याचाही अर्थ लावून ठेवला होता. आले की माझ्या अभ्यासाबद्दल विचारायचे, उत्तर ऐकून मान डोलवायचे. चटई कोणी पसरली नाही. मी दोन-तीनदा रोबो हातात घेऊन त्यांच्यासमोर उगाच येऊन बसले. ते उठून गेले.

मात्र खोकी यायची. तिकडून आमच्या भागात येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांच्या हाती, वर्षातून एक-दोनदा. निळं जेट विमान. पोलिसांची गाडी. सिंह. एक आगगाडीचं इंजिन, त्याचे तीन भाग सुटून तीन रोबो व्हायचे. पहिले काही मी फिरवले, एकटीने, मशीनींच्या बोळात, रागारागाने. आईला म्हणायची, "बोलत नाहीत अन् खेळणे पाठवतात." रस्त्यापलीकडच्या ज्या मुलीने माझा हात धरला होता, तिचे वडील कामासाठी सगळं घर घेऊन कुठेतरी निघून गेले होते. एकेक करून वस्तीतली बरीच घरं तशीच बंद झाली. आता तान्ह्या पोळ्याला रांग लागायची ती आठ-दहा जणांची, आणि मी ती पुन्हा गजांतूनच बघायची. मी चौदा वर्षांची झाले त्या वर्षी जे खोकं आलं ते मी उघडलं नाही. त्यानंतरची तीनही नाही. आईने चारही पेटीत ठेवून दिली. सतरा वर्षांच्या मुलीला बाप खेळणं पाठवतो याचा मला संताप यायचा, आणि ते यायचं थांबलं तेव्हा त्याहून जास्त संताप आला.

शिकले, नोकरी लागली. बारा वर्षं झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवलं, शाळेमागच्या खोलीत एकटी राहिले. एकटं राहण्याचा सराव लहानपणापासून होता, त्यामुळे जड गेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. जड गेलं. जिनिंग विकली गेली, तिथे प्लॉट पडले. आई गेली. मी यवतमाळला बदली मागून घेतली आणि बाबांना माझ्याकडे आणलं. त्यांच्या छातीत आयुष्यभराची रुई साचली आहे. सकाळी उठल्यावर तासभर खोकतात, मग बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात. मी चहा देते, ते घेतात. आमच्यात न बोलण्याची इतकी सवय झालेली होती की तिचा आता त्रासही होत नसे.

मागच्या दिवाळीत मी स्वतःसाठी एक रोबो मागवला. फोनवरून, भारीतला. आजकाल मोठ्या माणसांसाठी करतात तसा. लाल ट्रक, फिरवायला तिसाच्या वर पायऱ्या, सोबत जाडजूड पुस्तिका. रविवारी सकाळी मी तो घेऊन बाल्कनीजवळ बसले. बाविसाव्या पायरीला मान अडली. मी चष्मा वर सरकवला, पुस्तिका पुन्हा पाहिली, पुन्हा जोर लावला.

"घासलेट नोको लावू हो, बाई," बाबा म्हणाले.

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते.

"खाऊन टाकते ते प्लास्टिकले," ते म्हणाले. "तिकडं एका पोट्ट्यानं सांगतलं मले. तवा समजलं. त्याच्या आंधी कोनाले माईत होतं? तीस वर्षं फिटर होतो मी, अन् लेकराचं खेळनं नासवलं. साऱ्या गावापुढं तुहं हासू केलं."

मी ट्रक मांडीवर ठेवला. मग विचारलं, "म्हणून तुम्ही बाभळीखालून निघून गेलते?"

"मंग काय करतो? तू माह्याकडं पाहून राह्यली होती. मले वाटलं, आता हे पोरगी इचारन, बाबा, काय केलं हे. तुह्यापुढं उभं राहावलं नाई. त्याच्यानंतर तुह्यासंग फिरवाले बसाची हिंमतच झाली नाई माही. हात लावला अन् अजून काही मोडलं तं?"

"मले वाटलं, कुंकवामुळं गेले तुम्ही."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"कोन्तं कुंकू?" ते म्हणाले.

मी सांगितलं. काकू, ताट, फ्रॉक, सगळं. त्यांनी आठवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना मान आठवत होती, तिच्यावर गेलेला तडा आठवत होता, तो कुठल्या बाजूने गेला तेही आठवत होतं. कुंकू त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्याच्यासाठी मी स्वतःला इतकी वर्षं अपराधी समजत आले, ते त्यांच्या नजरेला पडलंच नव्हतं, आणि ज्याच्यासाठी ते लाजत राहिले, त्याबद्दल मी त्यांच्यावर एक दिवसही रागावले नव्हते. मला हसू यावं असं हे होतं. मी रडले. बाबांनी हाताने खूण केली, पुरे.

मग खोकल्याची एक उबळ काढून त्यांनी विचारलं, "तिकडून धाडले ते तं सारे फिरत होते ना बरोबर? एकबी अटकला नसन. मी सोता फिरवून पाहूनच खोक्यात भरत होतो."

"हो," मी म्हटलं. "सगळे फिरत होते."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. ते त्या दिवशी दोन कप चहा प्यायले.

दुपारी ते झोपल्यावर मी पेटी उघडली आणि तळातली ती चार खोकी बाहेर काढली. चिकटपट्टी आधीच एकदा काढून परत लावलेली होती, अगदी सरळ, कडेला कड जुळवून. मी दार लोटलं, खाली चटई टाकली आणि एकेक फिरवायला घेतला. चौघांच्याही मानेच्या सांध्यात, तेल-घासलेटाऐवजी, टाल्कम पावडर भरलेली होती. फिरवली की बोटांना पांढरी लागत होती. चारही माना पहिल्याच वळणाला फिरल्या. शेवटचा एक घोडा होता, तो फिरवता फिरवता मी सवयीने मान वर करून समोर पाहिलं, पुढचा सांधा कुठला ते विचारायला. पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेले होते. मी त्यांना उठवलं नाही. मी ते चारही रोबो जसे होते तसे खोक्यांत भरले, आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडले, हे त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.